तलवारीवरचे खोटे नाव पुसावे काय?

एखाद्या संग्राहकाच्या हाती एक जुनी जपानी तलवार येते. पाते गंजलेले, म्यान फुटलेले, मुठीवरचे रेशीम कुजलेले. मूठ काढून पाहिली तर आतल्या लोखंडावर एका थोर लोहाराचे नाव कोरलेले आढळते. तो हरखून जातो. पुढे जाणकारांना दाखविल्यावर ते सांगतात, तलवार जुनी आहे, चांगलीही आहे, पण नाव खोटे आहे. आता त्या माणसाने काय करावे? कानस घेऊन ते खोटे नाव घासून टाकावे? नाव तसेच ठेवून, गप्प बसून, जो फसेल त्याला तलवार विकावी? की नाव तसेच ठेवावे आणि ते खोटे आहे हे आपल्या तोंडाने सांगावे?

हा हौशी, पैसेवाल्या माणसांचा प्रश्न आहे, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण थोडा विचार केला तर दिसेल की, या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो तलवारीपुरता नाही. भूतकाळाने आपल्या हाती दिलेल्या वस्तूत खोटेपणा आढळला, क्रौर्य आढळले, तर ते पुसून टाकायचे, झाकून ठेवायचे, की उघड्यावर मांडायचे? समाजापुढे हा प्रश्न मोठ्या आकारात येतो तेव्हा गलबला फार होतो आणि विचार कमी होतो. तलवारीच्या निमित्ताने तोच प्रश्न वीतभर लोखंडावर येऊन बसतो. म्हणून तेथे तो शांतपणे तपासता येतो.

आधी पाहणे, मग हात लावणे

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली जुनी शस्त्रे बाहेर काढतात आणि घासूनपुसून लख्ख करतात. गंज म्हणजे मळ, आणि मळ काढणे म्हणजे चांगले काम, ही आपली साधी समजूत. जपानी तलवारीच्या बाबतीत हीच समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. ते का, हे कळण्यासाठी ही तलवार कशी घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

लोखंडाची वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून जे उत्तम पोलाद निघते त्याला तामाहागाने म्हणतात. लोहार ते तापवितो, ठोकतो, दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. त्यामुळे पोलादात लाकडाच्या रेषांसारखा पोत येतो. बहुतेक पात्यांत आत मऊ लोखंडाचा गाभा आणि बाहेर कठीण पोलादाची साल असते. शेवटी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि ते लाल तापवून पाण्यात बुडवितात. आपल्याकडे 'तलवारीला पाणी देणे' म्हणतात ते हेच. धारेची बाजू झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ मऊ राहते, आणि दोहोंच्या सीमेवर एक धुकट पांढरी रेषा उमटते. तिला हामोन म्हणतात. कोठे ती सरळ असते, कोठे लाटांसारखी, कोठे लवंगेच्या कळ्या ओळीने मांडाव्यात तशी.

हा पोत आणि ही रेषा डोळ्यांना दिसते ती शिकलगाराच्या हातामुळे. जपानी शिकलगार एकाहून एक बारीक दगड वापरीत जातो. शेवटी दगडाचा नखाएवढा पापुद्रा अंगठ्याखाली धरून तो पात्यावरून फिरवितो. एका पात्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. जपान सरकारने १९७५ मध्ये होन्आमी निश्शू या शिकलगाराला ज्या सन्मानाने गौरविले त्याला लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात, यावरून या कामाची योग्यता कळेल. पण हात कितीही कुशल असला तरी प्रत्येक वेळी थोडे पोलाद जातेच, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. अनेकदा घासलेल्या पात्याची साल झिजते, आतला मऊ गाभा वर डोकावू लागतो. जाणकार अशा पात्याला 'थकलेले' म्हणतात. तलवारीचे आयुष्य ती किती वेळा दगडावर चढली यावरून मोजायचे असते. वर्षे मोजून ते कळत नाही.

आता अजाण मालक काय करतो? तो पॉलिश पेपर आणतो, नाही तर फिरत्या चाकावर पाते धरतो. चाकाच्या घर्षणाने धार तापते आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. पाचसहाशे वर्षे टिकलेले काम एका संध्याकाळी संपते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असणे पुरत नाही. ज्या वस्तूला आपण हात लावतो तिचे ज्ञान नसेल तर उपकाराचा अपकार होतो. करुणेला प्रज्ञेची जोड हवी असे जे आपण नेहमी म्हणतो, ते निर्जीव लोखंडालाही लागू पडते.

याहून मोठी चूक मुठीच्या आत होते. पात्याचा जो भाग मुठीत बसतो त्याला नाकागो म्हणतात. बांबूची एक लहान खुंटी काढली की मूठ सुटते आणि तो दिसतो. हा भाग कधीही घासायचा नसतो. शेकडो वर्षांत त्यावर जो घट्ट, काळसर गंज चढतो तोच तलवारीच्या वयाचा साक्षीदार. ताजा तांबूस गंज वेगळा आणि जुना काळा गंज वेगळा. कानशीने ओढलेल्या रेघा कोणत्या दिशेने जातात, खुंटीची भोके एक आहेत की तीन, बुडाचा आकार कसा आहे, यावरून लोहाराचे घराणे कळते, काळ कळतो, तलवार मागाहून आखूड केली काय हेही कळते. हा भाग चकचकीत करणे म्हणजे जन्मनोंदीचे पान फाडून टाकणे होय.

म्हणून जाणता संग्राहक काहीही न करता सुरुवात करतो. तो प्रथम आकार पाहतो : लांबी, वाक, पाठीची जाडी, टोक. घोडेस्वार धार खाली ठेवून कमरेला लटकवीत ती ताची. पुढे धार वर करून कमरपट्ट्यात खोचू लागले ती कताना. वाक मुठीजवळ पडला आहे की मध्यावर, यावरून काळाचा अंदाज येतो. मग पोत, मग हामोन, मग टोकातली रेषा. त्यानंतर दोष. थर उकललेले असणे, पोलादात फोड असणे हे दोष सोसण्यासारखे असतात. पण धारेला आडवा, केसासारखा बारीक तडा असेल तर शस्त्र म्हणून ती तलवार संपली; कोणताही शिकलगार तो तडा काढू शकत नाही. आगीत सापडलेल्या पात्याचे पाणी गेलेले असते, आणि कित्येकांना नंतर पुन्हा पाणी दिलेले असते. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि १६५७ मध्ये एडो शहर जळाले, तेव्हा अनेक नामांकित तलवारी भाजून निघाल्या. १७१९ च्या सुमारास शोगुन योशिमुने याच्या हुकमावरून होन्आमी घराण्याने नामांकित तलवारींची यादी केली, तीत या भाजलेल्या तलवारींचीही नोंद ठेवली. जळाले ते जळाले म्हणून लिहिले. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बाहेरच्या पोशाखावरूनही फसू नये. दुसऱ्या महायुद्धात अनेक जपानी अधिकाऱ्यांनी घरातली पिढीजात पाती लष्करी म्यानात घालून रणांगणावर नेली. तशाच म्यानांत कारखान्यात भराभर तयार झालेली पातीही होती. १९४५ च्या शरणागतीनंतर ही हत्यारे विजयी सैन्यांबरोबर जगभर पसरली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय पलटणींच्या हातीही ती आली. तेव्हा म्यान पाहून किंमत करू नये आणि म्यान पाहून तुच्छही लेखू नये. मूठ काढून आत पाहावे.

नाव झाकून काम पाहणे

जपानमध्ये तलवारीच्या अभ्यासकांची एक सुंदर रीत आहे. ते एकत्र जमतात. समोर काही पाती ठेवलेली असतात, पण नाकागो झाकलेला असतो. लोहाराचे नाव कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाने केवळ पाते पाहून ते कोणी घडविले हे कागदावर लिहायचे. परीक्षक उत्तर देतो. 'अतारी' म्हणजे बरोबर. 'दोझेन' म्हणजे नाव चुकले, पण त्याच्या इतके जवळचे सांगितले की बरोबरच समजावे. 'इया' म्हणजे नाही, पुन्हा पाहा.

या रीतीचे मर्म काय? नाव आधी दिसले की डोळे काम करायचे थांबतात. मोठे नाव दिसले की सामान्य पात्यातही गुण दिसू लागतात, आणि नाव नसले की उत्तम पातेही हलके वाटते. म्हणून नाव झाका आणि काम पाहा. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा, ही भगवंतांची शिकवण आपण वसल सुत्तात वाचली आहे. आडनाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बदल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या जपानी रीतीचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी की, सर्वांत थोर मानल्या गेलेल्या मासामुने या लोहाराच्या पात्यांपैकी नाव असलेली पाती अगदी थोडी आहेत. शिवाय जुन्या लांब ताची पुढे आखूड करण्यात आल्या, तेव्हा बुडाकडून लोखंड कापले गेले आणि त्याबरोबर नावेही गेली. त्यामुळे कित्येक अत्युत्तम तलवारी निनावी आहेत. त्यांचे श्रेष्ठत्व त्यांच्या पोलादात आहे.

पण बाजाराला पोलाद वाचता येत नाही. त्याला नाव वाचता येते. एडो काळात सरदार एकमेकांना तलवारी नजर करीत. त्या तलवारीबरोबर होन्आमी घराण्याचा दाखला असे आणि त्यावर तलवारीची किंमतही लिहिलेली असे. मोठ्या नावाला मागणी वाढली, तशी मोठी नावे कोरणारेही वाढले. सतराव्या शतकात नागासोने कोतेत्सु नावाचा एक लोहार होऊन गेला. तो आधी चिलखते घडवीत असे, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावाने इतक्या खोट्या तलवारी निघाल्या की, कोतेत्सुचे नाव दिसले की ती खोटी समजावी, असे जपानमध्ये म्हणू लागले. शिन्सेन्गुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या पथकाचा प्रमुख कोन्दो इसामी हा १८६४ साली क्योतोतील इकेदाया खानावळीवरच्या छाप्यात लढला. आपली तलवार कोतेत्सुची आहे असे तो अभिमानाने सांगे. ती कोतेत्सुची नव्हती असेच बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्या रात्री ती मोडली नाही. कोणी एका अनाम लोहाराने चांगले काम केले होते. आणि त्या कामावर दुसऱ्याचे नाव कोरून त्याचे श्रेय हिरावून घेतले गेले होते. खोट्या नावाचा पहिला अपराध विकत घेणाऱ्याविरुद्ध नसतोच. तो ज्याने घाम गाळला त्या लोहाराविरुद्ध असतो.

कानस चालवावी की नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोटे नाव काढून टाकावे असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. ते म्हणतात, खोटे नाव म्हणजे लोखंडावर कोरलेली चालतीबोलती लबाडी. आज मी प्रामाणिक आहे. उद्या माझ्या मुलाने ती तलवार विकली तर तो प्रामाणिक असेलच कशावरून? लबाडीचे मूळच उपटावे. शिवाय ज्या अनाम लोहाराचे श्रेय चोरीला गेले, त्याच्या अंगावरून चोराचे नाव तरी उतरेल. जपानमधील तलवार-जतन संस्था, जी १९४८ मध्ये स्थापन झाली, ती खोटे नाव असलेल्या तलवारीला प्रमाणपत्र देत नाही. म्हणून पुष्कळ मालक नाव काढून घेतात आणि तीच तलवार निनावी म्हणून पुन्हा परीक्षेला पाठवितात. ती कोणत्या घराण्याची आहे हे मग केवळ कामावरून ठरते. यात असत्य काही नाही.

ही बाजू मान्य करूनही मला ती पटत नाही. याची कारणे तीन.

पहिले कारण, परीक्षा करणारी माणसे चुकतात. एका परीक्षकाने खोटे म्हटलेले नाव पुढे दुसऱ्याला खरे वाटू शकते. थोर लोहाराचा हात तरुणपणी एक असतो, म्हातारपणी दुसरा असतो. कधी शिष्य गुरूच्या संमतीने गुरूचे नाव कोरतो. आज आपण निकाल लावला आणि कानस चालविली, तर उद्या फेरतपासणीला पुरावाच उरत नाही. कोणाच्याही अधिकारावर, परंपरेवर किंवा ग्रंथावर विसंबून राहू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना जे सांगितले गेले त्याचा अर्थ एवढाच नाही की आपण पारखावे. आपल्यानंतर येणाऱ्यांनाही पारखण्याची संधी ठेवावी, हाही त्याचा अर्थ आहे. ज्या कृत्याची दुरुस्ती करता येत नाही ते करण्याआधी माणसाने आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखली पाहिजे.

दुसरे कारण, खोटे नाव हीसुद्धा एक घडलेली गोष्ट आहे. कोणीतरी, कधीतरी, पैशासाठी किंवा मानासाठी ते कोरले. ते नाव त्या काळाच्या हावरेपणाचा पुरावा आहे. लबाडी पुसली की लबाडाची सुटका होते. इतिहासात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तर हे पक्के माहीत असते की, पुरावे सर्वांत आधी अन्याय करणाऱ्याच्या वंशजांना नकोसे होतात. 'झाले ते झाले, आता कशाला उकरता' हे वाक्य बहुधा कोणाच्या तोंडून येते, याचा वाचकांनीच विचार करावा.

तिसरे कारण मालकाच्या मनाचे आहे. नाव काढून टाकल्यावर तलवारीला प्रमाणपत्र मिळते आणि किंमत वाढते. म्हणजे सत्य आणि लाभ येथे एका बाजूला येतात. असा योग जुळून आला की माणसाने थांबून स्वतःला विचारावे, मी कानस उचलतो आहे ती सत्यासाठी की किमतीसाठी? उलट, नाव तसेच ठेवून, सोबतच्या कागदावर 'हे नाव जाणकारांनी खोटे ठरविले आहे' असे लिहून ठेवणाऱ्याला कमी किंमत मिळते. सत्याची किंमत तो आपल्या खिशातून देतो. ज्या सत्यासाठी काही द्यावे लागत नाही त्याची कसोटी अजून लागायचीच असते.

मुलगा उद्या प्रामाणिक राहील कशावरून, या शंकेला उत्तर कानशीपाशी नाही. ते उत्तर मुलाच्या शिक्षणात आहे.

दोष झाकणारा देव

काही पात्यांवर कोरीव काम असते. फुदो म्योओ ही उग्र देवता, तिची सरळ तलवार, किंवा सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे. ही लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. आपल्या देशात अनोळखी झालेली अक्षरे तेथे पोलादावर जिवंत आहेत, हे पाहून मन भरून येते.

पण परीक्षकाचे मन भरून येऊन चालत नाही. तो कोरीव कामाची खोली पाहतो. रेषा उथळ झाल्या असतील तर पाते पुष्कळदा घासले गेले आहे. आणखीही एक गोष्ट तो पाहतो. हे कोरीव काम लोहाराच्या काळचे आहे की मागाहूनचे? कारण पात्यात फोड किंवा फट असली तर तेवढी जागा खोदून तेथे देव किंवा बीजाक्षर कोरण्याची युक्ती जुनी आहे. दोष जातो आणि वर पावित्र्य येते. भाविक हात जोडतो आणि फट कोणी पाहत नाही. दोष झाकण्यासाठी देव कोरण्याची ही विद्या केवळ जपानी लोहारांनाच अवगत होती असे नाही.

सोन्याने लिहिलेले, आणि न लिहिलेले

आता या विषयातील सर्वांत कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. काही तलवारींच्या नाकागोवर सोन्याचा मुलामा नव्हे, सोन्याची तार ठोकून बसविलेली अक्षरे असतात. त्यांत लिहिलेले असते की, अमुक साली, अमुक माणसाने या तलवारीने दोन देह कापले, किंवा तीन देह कापले. एडो काळात तलवारीची धार मृत्युदंड झालेल्या माणसांच्या प्रेतांवर तपासली जाई. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्पिढ्या धारण करणारे घराणे हे काम शोगुनसाठी करीत असे. १७९७ मध्ये निघालेल्या 'काइहो केन्जाकु' या पुस्तकात लोहारांची धारेप्रमाणे प्रतवारी लावली आहे. तिच्यामागे याच चाचण्या होत्या. आजही विक्रेते ती प्रतवारी सांगतात, आणि सोन्याची अक्षरे असली तर किंमत वाढते.

त्या अक्षरांत लोहाराचे नाव आहे. कापणाऱ्याचे नाव आहे. साल आहे. कापला गेला त्याचे नाव कोठेच नाही. तो केवळ एक आकडा आहे. एडोच्या तुरुंगात गुन्हेगाराला धरून ठेवण्याचे आणि प्रेत हाताळण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना 'हिनिन' म्हणत. या शब्दाचा अर्थच 'माणूस नव्हे' असा आहे. त्यांचीही नावे नाहीत. प्रेताला हात लावणारा विटाळला. त्याच प्रेतातून गेलेली तलवार मात्र सोन्याने मढली आणि सरदाराच्या दिवाणखान्यात गेली. विटाळाचा हा हिशेब आपल्या वाचकांना परका वाटणार नाही. 'हिनिन' आणि 'एता' ही नावे जपान सरकारने १८७१ मध्ये कायद्याने रद्द केली. कायद्याने गेलेले लोकांच्या मनातून गेले नाही, म्हणून त्या लोकांना १९२२ मध्ये क्योतो येथे सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली.

तलवार कोणाच्या कमरेला असावी हाही तेथे वर्गाचाच प्रश्न होता. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडून तलवारी काढून घेतल्या. हुकमात कारण दिले ते असे की, या लोखंडाचे खिळे आणि पट्ट्या करून क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला लावू, म्हणजे शेतकऱ्यांचे इहलोकी व परलोकी कल्याण होईल. हा हिदेयोशी स्वतः सामान्य घरातून वर चढलेला. ज्या शिडीने तो चढला ती त्याने बुद्धाचे नाव घेऊन मागे ओढून घेतली. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना निःशस्त्र ठेवले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले आहे. जपानच्या या हुकमाकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. पुढे १८७६ मध्ये तलवार बाळगून फिरण्याचा सामुराईंचा मानही गेला, आणि तलवार हळूहळू संग्राहकाच्या कपाटात आली.

ठेवावी की न ठेवावी

मग असा प्रश्न उरतो की, धम्म मानणाऱ्याने अशी वस्तू जवळ ठेवावी काय? शस्त्रांचा व्यापार हा उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांपैकी पहिला आहे; अंगुत्तर निकायात ते स्पष्ट सांगितले आहे. मंजुश्रीच्या हातात तलवार असते, ती अज्ञान छेदणाऱ्या प्रज्ञेची असते, असे उत्तर कोणी देतात. पण उपमेतली तलवार आणि हातातली तलवार यांत फरक आहे. उपमेच्या तलवारीने कोणाचे रक्त सांडत नाही. हातातली तलवार उपमेने धुऊन निघत नाही. धर्माच्या भाषेत तिला 'जीवन देणारी' म्हणून गौरविण्याचेही प्रयत्न झाले. त्यांवर विश्वास ठेवू नये.

माझे मत असे आहे. तिच्या खरेदीविक्रीत नफा शोधणे, तिची पूजा करणे, तिच्या धारेचा अभिमान मिरविणे, हे अकुशल आहे. पण साक्षीदार म्हणून तिचे जतन करणे अकुशल नाही. पाते दमट हवेत गंजू न देणे, वर्षातून काही वेळा जुने तेल पुसून नवे पातळ तेल लावणे, बोटांचा घाम पात्याला लागू न देणे, आणि खरोखरच गरज असेल तेव्हाच जाणत्या शिकलगाराच्या हाती देणे, एवढे मालकाने करावे. त्यानेही 'हिला हात लावू नका' असे सांगितले तर ते ऐकावे. चांगल्या शिकलगाराची ओळख पुष्कळदा त्याने नाकारलेल्या कामावरूनच होते.

आणि तलवारीबरोबर एक कागद ठेवावा. नाव खोटे असेल तर खोटे म्हणून लिहावे. पाते भाजलेले असेल तर भाजलेले म्हणून लिहावे. देव मागाहून कोरला असेल तर तसे लिहावे. सोन्याची अक्षरे असतील तर ती काढू नयेत, आणि त्यांची शेखीही मिरवू नये. त्यांच्याखाली एवढे लिहावे की, येथे ज्या तिघांचे देह कापले ती तीन माणसे होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढचा मालक तो कागद वाचेल. त्याला तलवार कदाचित कमी सुंदर वाटेल, पण ती त्याला अधिक खरी दिसेल. जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार म्हणतात तो एवढाच.